मास्तरांनी बघितलेली हवा

सन्माननीय अध्यक्ष चिंतामणराव पेडणेकर, आजचे पाहुणे डॉक्टर कोरगावकर, व्यासपीठावर बसलेली व्यायामशाळेची मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे धोंडू मास्तर राऊळ, समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणी, आणि पहिली पाळी करून घरी न जाता थेट इथं आलेले, मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे कामगार बंधू, आपणा सर्वांना सुंदराबाईचा नमस्कार.

पेडणेकर साहेबांनी आत्ता सांगितलं की मी मास्तरांच्या योगवर्गाविषयी चार गोड शब्द बोलेन. साहेब, शब्द चारपेक्षा जास्त होतील. आणि गोड किती होतील त्याची हमी मी देत नाही. मला त्यांनी आधीच बजावलंय की मिलचं नाव घ्यायचं नाही. घेत नाही. इथं बसलेल्यांना ते सांगायची गरजही नाही.

मी वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम करते आणि भोईवाड्यात राहते. माझे मालक ब्लोरूममध्ये होते. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते, कापसाच्या गासड्या जिथं फोडतात आणि यंत्रात घालून झोडतात ती ब्लोरूम. गिरणीतली सगळ्यात वाईट जागा. आमच्या समाजाच्या माणसाला साचे खात्यात, म्हणजे मागावर, घेत नसत, कारण तिथं धोट्यातला दोरा ओठांनी ओढावा लागायचा, आणि आमचे ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून आमची माणसं ब्लोरूममध्ये. नवऱ्याचं नाव सभेत घेऊ नये असं म्हणतात. मी घेते. भिवा. गिरणीच्या हजेरीतून ते नाव गेलं, आता निदान माझ्या तोंडी तरी असू दे.

भिवा तापट होता. खोकून खोकून रात्र जागायचा, सकाळी कामावर जायचा, आणि संध्याकाळी गुत्त्यावरून घरी यायचा. हात उचलायचा. इथं बसलेल्या कितीतरी बायकांना मी काय म्हणते ते कळतंय, त्या खाली बघतायत. नका खाली बघू. आपण काही केलं नव्हतं.

अशा माणसाला शेजारच्या कुणीतरी मास्तरांच्या वर्गाला नेलं. सकाळी, पाळी सुरू होण्याआधी. मास्तर त्याच गिरणीत फिटर. उंच, सडपातळ, बोलणं हळू. पहिल्या दिवशी भिवा आत गेला आणि सवयीनं सतरंजीच्या कडेला, दाराशी बसला. कुणीतरी म्हणालंही, "हां, तिथंच बरंय." मास्तरांनी आपलं आसन उचललं, भिवासमोर आणून टाकलं आणि म्हणाले, "रांग इथून धरा." बाकीच्यांना उठून मागं जाऊन बसावं लागलं. दोघंतिघं उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. मास्तरांनी त्यांना बोलावलंही नाही.

हे मला भिवानं त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. दारू न पिता घरी आला होता. इतक्या वर्षांत त्याचं संध्याकाळचं तोंड मी पहिल्यांदा नीट बघितलं.

मास्तर काय शिकवायचे? साधंच. पाठ सरळ. खांदे सैल. श्वास आत घ्यायचा तो पूरक, धरायचा तो कुंभक, सोडायचा तो रेचक. मग शवासन. शरीर, मन आणि आत्मा ही एकाच घरात राहणारी तीन माणसं, एकाला उपाशी ठेवून दुसरी दोन सुखी होत नाहीत, असं ते सांगायचे. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर भिवानं त्यांना विचारलं होतं, "मास्तर, आता आमच्यात आत्मा नाही. वर्गाला यायचं की नाही?" मास्तर म्हणाले, "पाठीचा कणा आहे ना? मग ये."

हसा, हसा. मास्तरही हसतायत. फार हसू नका मात्र, त्यांना सोसत नाही.

आता मला सांगा, योगानं भिवाचं भलं झालं की नाही? झालं. मी साक्ष द्यायला उभी आहे. त्याचा हात थांबला. गुत्ता सुटला. रागाचा झटका आला की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि मी पातेलं हातात धरून वाट बघायची की आता काय होतं. काही व्हायचं नाही. वळून म्हणायचा, "जेवायला वाढ." एवढ्यासाठी एखादी बाई जन्मभर ऋणी राहील. मी आहे.

मन सुधारलं. शरीर मात्र सुधारलं नाही. खोकला होता तिथंच होता. दवाखान्यात दमा म्हणाले, पुड्या दिल्या. भिवा म्हणायचा, "माझाच अभ्यास कमी पडतोय." आणि तो आणखी अभ्यास करायचा.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. त्या दिवसांबद्दल या सभागृहात मी काय सांगू? इथल्या प्रत्येक चाळीनं काहीतरी गमावलंय. मुंबई आपल्याला मिळणार नाही म्हटल्यावर माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गिरण्या बंद पडल्या. आम्ही दारं लावून आत. खालच्या मजल्यावर एका घरात रडणं चाललं होतं, ते जिन्यातून वर यायचं. आणि त्या दिवसांत माझा नवरा झोपायला लागला. लोकहो, मला ही गोष्ट सांगताना आजही कसंतरी होतं. बाहेर गोळ्या सुटत होत्या आणि माझ्या घरात माणूस खोकल्याविना झोपला होता. ओठांचा रंग परत आला. जिना एका दमात चढला. म्हणाला, "बघ, अभ्यास फळाला आला."

मीही तेच मानलं. का नाही मानणार?

गिरण्या सुरू झाल्या. पहिल्याच पाळीहून तो घरी आला तो भिंत धरून. छातीवर कुणी बसल्यासारखं झालंय म्हणाला. तेव्हा माझ्या मनात आलं की सुटीच्या दुसऱ्या दिवशी हे नेहमीच जास्त असतं. रविवारी बरा, सोमवारी वाईट. मी त्याला म्हटलं, "अहो, ते खातंच वाईट आहे." तो म्हणाला, "मास्तरांनी सांगितलंय, कामातसुद्धा श्वास खोल ठेवायचा. मी आता यंत्रापाशीही पूरक करतो."

ऐकलंत ना? यंत्रापाशी. जिथं समोरचा माणूस कापसाच्या धुरळ्यात पांढरा दिसतो, तिथं उभं राहून माझा नवरा गुरूच्या आज्ञेनं छाती भरभरून श्वास घेत होता. इतर लोक तोंड वळवून, दम मारून, निम्मा श्वास घेऊन दिवस काढायचे. हा मन लावून घ्यायचा. भिवानं आयुष्यात कुठलीच गोष्ट इतक्या निष्ठेनं केली नव्हती.

पुढल्या वर्षी तो गेला. कसा गेला ते सांगत नाही. ज्यांच्या घरात असं माणूस गेलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात गेलं नाही त्यांनी न ऐकलेलं बरं.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी मास्तरांच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. पुरुषांचा वर्ग. सगळे डोळे मिटून बसलेले. मी म्हटलं, "मास्तर." एक जण म्हणाला, "बाई, आत्ता नको." मास्तर म्हणाले, "त्यांना बोलू द्या."

मी विचारलं, "मास्तर, तुम्ही त्यांना श्वास आत घ्यायला शिकवलंत. आत काय जात होतं ते बघितलं होतंत का?"

मास्तर उभे राहिले. हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही बघितलं."

एवढंच. मी घरी आले.

त्या प्रश्नाबद्दल नंतर मला फार जणांनी ऐकवलं. गुरूला असं विचारतात का, नवरा गेल्यानं बाईचं डोकं फिरलंय, वगैरे. मी तो प्रश्न आजही मागं घेत नाही. मास्तरांनीही मला कधी मागं घ्यायला सांगितलं नाही. पण त्या प्रश्नाचं पुढं जे झालं ते मी मागितलं नव्हतं, हेही खरं.

मास्तर गिरणीच्या साहेबाकडे गेले आणि म्हणाले, मला ब्लोरूममध्ये घाला. साहेब म्हणाला, "फिटरची जागा सोडून? पगार कमी होईल. वेड लागलंय का?" मास्तर म्हणाले, "मी माणसांना श्वास शिकवतो. ती हवा मला माहीत नाही." साहेबाला वाटलं, योगी माणूस, असेल काही व्रत. त्यानं सही केली. खात्यातले लोक हसले. आमच्या वस्तीतलेही हसले. साचे खातं ज्यांना मिळत नव्हतं त्यांनी म्हटलं, आम्ही इथून सुटायला बघतोय आणि हा उच्च जातीचा माणूस आत यायला बघतोय.

पहिल्या पाळीनंतर ते माझ्या खोलीच्या दारात आले. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानात कापूस. आत आले नाहीत. म्हणाले, "आज बघितलं." मी पाणी दिलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तासाभरानंतर पूरक होतच नाही. छाती नको म्हणते. भिवा तिचं न ऐकता करत होता." आणि मग, जाता जाता, "माझं ऐकून करत होता."

त्या दिवसापासून वर्ग बदलला. ब्लोरूमच्या आणि कापूस पिंजतात त्या कार्डिंगच्या लोकांना कुंभक बंद. आधी श्वास सोडायला शिका म्हणाले. नाकावर ओलं फडकं बांधायला लावलं. रविवारी सगळ्यांना शिवडीला खाडीकडे घेऊन जायचे, मोकळ्या हवेत बसवायचे. बायकांचाही वर्ग सुरू केला, त्यात मी गेले. पूर्वी ते सांगायचे, मन शांत ठेवा. आता ते सांगू लागले, "अंग नको म्हणत असेल तर मनाला जबरदस्तीनं हो म्हणायला लावू नका. अंग खोटं बोलत नाही." आणि एकदा कुणीतरी विचारलं, "मग समतोल कसा राहणार, मास्तर?" तर म्हणाले, "तराजूच्या एका पारड्यात कुणी रोज कापूस टाकतोय. आधी त्याचा हात धरायला हवा."

गिरणीच्या लेबर ऑफिसरला मास्तरांचा जुना वर्ग फार आवडायचा. योगानं कामगार शांत राहतो, गैरहजेरी कमी होते, असं तो म्हणायचा. नव्या सतरंज्या देणार होता. मास्तरांनी धुरळा ओढून घेणारे पंखे मागितले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही योग शिकवा ना राऊळ, पंख्यांचं आम्ही बघतो." सतरंज्या आल्या. मास्तरांनी त्या परत पाठवल्या. म्हणून आजही आपण त्याच फाटक्या सतरंजीवर बसतो. पेडणेकर साहेब, ह्यावरून तुमचं आणि मास्तरांचं वाजलं होतं, आठवतंय ना? असू दे. आज नाही काढत.

ह्या सगळ्यात एक बाई होती जिला कुणी विचारलं नव्हतं. रमाबाई, मास्तरांच्या पत्नी. त्या आज वर बसल्या नाहीत. तिथं, खिडकीजवळ बसल्यात. तुमच्या परवानगीनं बोलते, वहिनी.

मास्तर ब्लोरूममध्ये जाऊन वर्ष झालं असेल. एका दुपारी रमावहिनी माझ्या दारात आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "तुका म्हायत होता काय गो, ह्येंका तरणेपणात क्षय झाल्लो?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. सावंतवाडीकडे कुणा साधूनं त्यांना त्या दुखण्यातून उठवलं, प्राणायाम शिकवला, म्हणून तर त्यांचा श्वासावर एवढा विश्वास. एक बाजू छातीची तेव्हाच गेली होती. उरलेली बाजू घेऊन ते ब्लोरूममध्ये उभे होते.

वहिनी म्हणाल्या, "तुझ्या एका वाक्यानं माझं घर बुडत चाललं."

मी म्हटलं, "वहिनी, मी त्यांना जा म्हटलं नव्हतं." त्या म्हणाल्या, "परत या म्हण आता. तुझं ऐकतील."

त्याच संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, "मास्तर, बघून झालं. आता बाहेर या." ते म्हणाले, "भिवा किती वर्षं होता?" मी म्हटलं, "तुमची छाती भिवाची नाही." ते म्हणाले, "बाहेरून पंखा मागितला तर साहेब म्हणतो, तुम्हाला काय ठाऊक. आतून मागतोय म्हणून निदान अर्जाचा कागद तरी घेतो." मी खूप बोलले. रमावहिनी चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या, त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मास्तर उठले, मला दारापर्यंत सोडायला आले, आणि तेवढ्यात त्यांना धाप लागली. मी बघितलं आणि त्यांनी बघितलं की मी बघितलं.

हट्ट म्हणा. मी हट्टच म्हणते. आज इथं कुणीतरी उठून त्याग म्हणेल, समर्पण म्हणेल. ज्या माणसानं सगळ्यांना शिकवलं की अंगाचं ऐका, त्यानं स्वतःच्या अंगाचं ऐकलं नाही. हे मला बरोबर वाटत नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आजही सांगते.

गेल्या वर्षी पंख्यांसाठी गिरणीच्या दारात गेट सभा झाली. मास्तर आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. टेबलावर चढले. म्हणाले, "बंधूंनो, आपण श्वास घेतो..." आणि पुढं खोकला. थांबला की पुन्हा सुरुवात, पुन्हा खोकला. लोक चुळबुळायला लागले. मी पुढं होते. मला माहीत होतं त्यांना काय म्हणायचंय. मी टेबलावर चढले आणि ते बोलून टाकलं. लोक म्हणतात सुंदराबाई बरं भाषण करते, महाराष्ट्राच्या लढ्यात बाई तयार झाली. लढ्यात मी घोषणा दिल्या, मोर्चात चालले, ते खरं. पण माझं पहिलं भाषण म्हणजे मास्तरांचं अर्धं राहिलेलं भाषण.

त्यानंतर ब्लोरूमला एक पंखा बसला. एक. कार्डिंगला अजून नाही. तो पंखा चालतो तेव्हा समोरच्या माणसाचं तोंड दिसतं, असं आतले लोक सांगतात. ह्यापलीकडे मला काही मिळाल्याचं सांगता येत नाही. टाळ्या नका वाजवू. एका पंख्यासाठी दोन छात्या गेल्या, हा हिशेब टाळ्यांचा नाही.

आणि मास्तर? पहिल्या मेला आपलं राज्य आलं. रोषणाई झाली, परळ-लालबागमध्ये माणूस मावत नव्हता. मी मिठाई घेऊन त्यांच्याकडे गेले. ते खिडकीत उशीला टेकून बसले होते. झोपून श्वास येत नाही त्यांना आता, बसूनच रात्र काढतात. म्हणाले, "लोक खुश आहेत ना?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "चांगलं झालं." डॉक्टर कोरगावकर त्यांना तपासतात. डॉक्टरांनी आम्हाला खोटी आशा दिली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. गावची हवा चांगली, तिथं थोडं सुखाचं जाईल, एवढंच ते म्हणाले. म्हणून मास्तर गावी चाललेत. परत यायच्या बोलीनं नाही.

मला आज बोलायला कुणी लावलं ते सांगते. कार्यक्रम ठरला तेव्हा मी नको म्हटलं होतं. परवा रमावहिनी पुन्हा माझ्या दारात आल्या. ह्या वेळी बसल्या. चहा घेतला. म्हणाल्या, "तू बोल. दुसरो कोण बोललो तर ह्येंचो देव करून ठेवतलो. तू खरा काय ता सांगशीत."

वहिनी, सांगितलं. जमेल तसं सांगितलं. तुमचा माझ्यावरचा राग गेलाय की नाही ते मी विचारलं नाही, आणि विचारणार नाही. राग असला तरी तो तुमचा हक्क आहे.

मास्तर, तुम्ही आमच्या घरात शांतता आणलीत. ती खरी होती. तिच्याआड माझा नवरा मेला, तेही खरं. ह्यातलं एक दुसऱ्यानं पुसलं जात नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला पुसून बघायचा. आता दोन्ही ठेवलीयत. योग म्हणजे जोडणं असं तुम्ही सांगायचात, तर माझा योग एवढाच झाला आहे.

बायकांचा वर्ग उद्यापासून मी घेणार आहे. पुरुषांच्या वर्गाचं व्यायामशाळेनं ठरवावं. जो कुणी घेईल त्यानं आधी ब्लोरूममध्ये एक पाळी उभं राहून यावं, असा माझा ठराव आहे. राहायला जायचं नाही, बघून परत यायचं. अध्यक्षांनी तो मांडून घ्यावा.

मी फार वेळ घेतला. ज्यांनी मला बोलायला उभं केलं त्यांचे आणि ज्यांनी बसून ऐकलं त्यांचे आभार. मी शिकलेली बाई नाही, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर ते माझ्या तोंडावर सांगा आणि मोठ्या मनानं सोडून द्या.

एक शेवटची विनंती. कार्यक्रम संपला की लगेच उठू नका. आधी मास्तरांना जिना उतरू द्या. हार घेऊन कुणी पुढं येऊ नये, त्यांना खुर्चीत उचलूही नये, ते त्यांना आवडत नाही. ते चालत जातील. मधल्या वळणावर थांबतील. ते थांबले की वरच्यांनी आणि खालच्यांनी, कुणीच बोलू नये, आणि घाई करू नये. ते आपणहून पुढं पाऊल टाकतील. तोवर आपण सगळ्यांनी थांबायचं.